क्वार्ट्झच्या ओट्यावरील लेखाविषयीच्या प्रतिक्रियेला उत्तर

आपल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. सिलिकोसिस, म्हणजे दगडातील सिलिका या खनिजाची बारीक धूळ श्वासावाटे जाऊन होणारा फुप्फुसाचा विकार, हा खाणकामगारांचा फार जुना आजार असल्याने त्याला नवे आव्हान म्हणणे अतिशयोक्ती आहे, मास्क लावला की प्रश्न मिटतो, आणि ऑस्ट्रेलियाने कृत्रिम दगडावर घातलेली बंदी उद्योगावर अन्याय करणारी आहे, असे आपले तीन आक्षेप आहेत.

आजार जुना आहे याविषयी दुमत नाही. बदलला आहे तो दगड. संगमरवरात स्फटिकी सिलिका दोन टक्क्यांच्या आसपास असते, ग्रॅनाइटमध्ये साधारण २० ते ४५ टक्के. क्वार्ट्झची भुकटी रेझिनमध्ये दाबून केलेल्या या कृत्रिम दगडात मात्र ती ९० टक्क्यांच्याही वर जाते. म्हणूनच खाणीत अर्धे आयुष्य काढल्यावर जडणारा विकार ओट्याचे दगड कापणाऱ्यांना तुलनेने लवकर गाठतो. कॅलिफोर्नियातील अशा ५२ रुग्णांची पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचे मध्यक वय ४५ होते, एक वगळता सारे लॅटिन अमेरिकी स्थलांतरित होते, दहा जण दगावले होते आणि निम्म्याहून अधिक जणांना सुरुवातीला न्यूमोनिया, क्षय असे भलतेच निदान सांगण्यात आले होते. क्षयाचा प्रादुर्भाव मुळातच मोठा असलेल्या आपल्या देशात ही गफलत किती सहज होत असेल!

मास्क निरुपयोगी आहे असे मी म्हटलेले नाही; परंतु धुळीवरच्या उपायांत त्याचा क्रम शेवटचा लागतो. आधी पाण्याचा मारा करून कापणे, मग धूळ जिथे उडते तिथेच ती खेचून घेणे, आणि एवढे करूनही जी उरेल तिच्यासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क. आपल्याकडे सिंकसाठी भोक पाडताना मिस्त्री तोंडाला रुमाल बांधून, नव्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात, हातातल्या ग्राइंडरने कोरडाच दगड कापताना दिसतो. फुप्फुसात खोलवर जाणारे कण तर डोळ्यांना दिसतही नाहीत, मग रुमालाने काय अडणार?

ऑस्ट्रेलियाने थेट बंदीच घातली असेही नाही. धुळीची कमाल मर्यादा तिथल्या बहुतेक राज्यांत २०२० मध्ये निम्म्यावर आणली गेली, आणि तेवढ्याने भागत नाही असे दिसल्यावर १ जुलै २०२४ पासून बंदी लागू झाली. पोर्सेलिन आणि नैसर्गिक दगड त्यातून वगळलेले आहेत, म्हणजे ओटे बनवणाऱ्यांचा धंदा बुडालेला नाही.

हीच बंदी इथे जशीच्या तशी आणावी, असा माझा आग्रह नाही. माझी चिंता कायद्याच्या कक्षेबद्दल आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांपैकी एक होता आणि विजेवर चालणारा कारखाना दहा कामगारांपासून मोजला जाई. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या, नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार सुरक्षेच्या संहितेने तो आकडा वीसवर नेला. दगड कापण्याच्या पाच-सहा माणसांच्या दुकानाला ना जुनी व्याख्या लागू होत होती, ना नवी होते. राजस्थानने २०१९ च्या धोरणात प्रमाणित रुग्णाला तीन लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख रुपयांची तरतूद केली, पण ही मदत निदान झाल्यानंतरची आहे, आणि या आजारात झिजलेले फुप्फुस पूर्ववत होत नाही.