झाड हललं का?

माझ्या मुलीला शाळेच्या नाटकात झाडाचं काम मिळालं होतं. चित्रीकरणाची लिंक आली तेव्हा मी घरात जाहीर केलं, "लॅपटॉपवर कशाला डोळे फोडायचे? ब्राउझरमधून टीव्हीवर टाकतो." त्या एका वाक्याने आमची अख्खी संध्याकाळ खाल्ली.

सुरुवात झोकात झाली. ब्राउझरच्या कोपऱ्यातली तीन टिंबं, त्यात कास्ट, यादीत टीव्हीचं नाव, की झालं! राजा आला, प्रधान आला, मागे झाड उभं राहिलं. बायको आईच्या गुडघ्यासाठी शेकायची पिशवी गरम करायला आत गेली. आम्ही एकटक झाडाकडे बघत होतो. राजाचं तोंड मघापासून उघडंच होतं, पण राजाकडे बघतंय कोण?

दोनेक मिनिटांनी आई कौतुकाने म्हणाली, "किती शहाण्यासारखी उभी आहे! जरासुद्धा हलत नाही."

झाड माझ्या शेजारीच बसलं होतं. ते म्हणालं, "आजी, आवाज ऐक ना. वादळ आलंय. मी हलतेय."

मग मी कामाला लागलो. ब्राउझर बंद करून उघडला. टीव्ही बंद करून लावला. राउटरची वायर काढून तीस आकडे मोजले. (तीसच का, हे विचारायचं नसतं.) सेटिंगमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन नावाचं काहीतरी दिसलं, ते बंद केलं. त्याबरोबर लॅपटॉपचा पंखा असा घोंघावू लागला की वादळाचा वेगळा आवाज लागेना. गुपचूप परत चालू केलं.

दरम्यान थोडं वाचलं, आणि लॅपटॉपची दया आली. व्हिडिओच्या खिडकीतच कास्टचं चिन्ह असेल तर लॅपटॉप टीव्हीला नुसता पत्ता देतो, टीव्ही आपलं आपण आणून दाखवतो. आमच्या पानावर ते चिन्ह नव्हतं, म्हणून मी आख्खा टॅब पाठवत होतो. म्हणजे १९२० गुणिले १०८०, एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके, आणि अशी सेकंदाला तीसएक चित्रं. एवढं हवेतून जाणार कसं? म्हणून लॅपटॉप दर वेळी पूर्ण चित्र पाठवतच नाही. एकदा सगळं पाठवतो, नंतर फक्त काय बदललं ते. मागील पानावरून पुढे चालू. मधलं एखादं पान वाटेत गहाळ झालं की टीव्ही बिचारा जुनंच पान धरून बसतो. आवाजाचं ओझं किरकोळ, तो गर्दीतूनही वाट काढतो. म्हणून वादळ पोचलं आणि झाड राहिलं.

पण पान गहाळ होतं कुठे?

प्रत्येक खटपटीनंतर नाटक पहिल्यापासून लावायचं. तेवढ्यात आई म्हणायची, "बसून बसून गुडघा धरला रे माझा. तुझं होईपर्यंत पिशवी तरी गरम करून आणा." आणि वादळाच्या तोंडाशी झाड परत ठार.

तिसऱ्या वेळी पिशवी घेऊन मीच आत गेलो. मायक्रोवेव्हमध्ये ठेवून बटण दाबलं. पिशवी गोल फिरू लागली, आणि बाहेरून हाक आली, "बाबा, थांबलं!" मायक्रोवेव्ह टिंग करून बंद झाला. "बाबा, चालू झालं! काय केलंस?"

मी पिशवीकडे बघत राहिलो. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि आमचं वायफाय २.४ वर. दाराच्या फटीतून थोडं झिरपतं, तेवढा गोंगाट वायफायला पुरतो. नाटक अडकलं की आईचा गुडघा दुखायचा, गुडघा दुखला की पिशवी, आणि पिशवी फिरली की नाटक अडकायचं. मी राउटर उपटत होतो तो उगाच.

राउटरला ५ गिगाहर्ट्झचं दुसरं जाळं आहे, तिथे मायक्रोवेव्हची पोच नाही. मोठ्या उत्साहाने लॅपटॉप तिकडे नेला. टीव्हीच्या यादीत ते नावच येईना. आमच्या टीव्हीला २.४ च्या पलीकडचं जग माहीत नाही.

शेवटी सगळ्यांना बसवलं, सगळं समजावून सांगितलं आणि आईला म्हटलं, "फक्त वादळ होईपर्यंत पिशवी नको."

आई म्हणाली, "किती वेळाचं आहे वादळ?"

"अकरा मिनिटं," झाड म्हणालं. "शेवटी मी पडते."

आईने गुडघ्यावरची गार पिशवी उचलून माझ्या हातात दिली. "मग ती पडेल तेव्हा मला हाक मार. तोवर मी आत जाऊन पडते."