कुंपण गळ्यात, बिबट्या उसात

महिनाभरात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. एक द्राक्षवाल्यांचा, एक कॉलनीचा, एक शाळेतल्या मित्रांचा आणि चौथा चक्क साडूच्या मुलीच्या लग्नाचा, जो वरात निघून वर्ष झालं तरी कुणी बंद केलेला नाही. मेसेज असा:

"शेतकरी बंधूंनो, कुंपणाचा खर्च विसरा! वायरलेस कुंपण घ्या. यंत्र प्लगला लावा, पट्टा कुत्र्याच्या गळ्यात घाला, पाच एकरांचा बंदोबस्त. कुत्रा हद्दीबाहेर पाऊल टाकणार नाही. बिबट्या, भटकी कुत्री, चोर, सगळ्यांपासून संरक्षण. शॉक नाही, नुसती गुदगुली. अमेरिकेत घरोघरी हेच. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, कुत्र्याची पट्ट्यापर्यंत!"

शेवटच्या ओळीला माझी दाद. बाकी मेसेजबद्दल बोलायचा मला थोडा अधिकार आहे. मखमलाबाद शिवारातल्या आमच्या मळ्यात साडूने दिलेलं हे यंत्र दोन महिने होतं, आणि त्या दोन महिन्यांचे भोग आमच्या काळूने भोगलेत.

आधी बिबट्याचंच घेतो, कारण नाशकात हा मेसेज पळतोय तो त्या एका शब्दावर. यंत्र चालतं कसं ते बघा. घरातला ट्रान्समीटर चारी बाजूंना रेडिओ लहरी सोडतो. कुत्र्याच्या पट्ट्यातला रिसीव्हर त्या ऐकत असतो. कुत्रा लांब गेला, लहरी क्षीण झाल्या की पट्टा आधी टूं-टूं वाजतो, तरी पुढे गेला तर मानेला झटका देतो. म्हणजे हद्दीवर काहीच नसतं. ना तार, ना जाळी, ना काटा. जे काही आहे ते कुत्र्याच्या गळ्यात आहे. बिबट्याने पट्टा घातलेला नाही. त्याच्या लेखी आपला मळा आजही उघडाच.

मला वाटतं, लोकांच्या डोक्यात घोटाळा होतो तो झटका मशीनमुळे. रानडुकरांसाठी आपल्याकडे सोलरवर चालणारी मशीन लावतात. त्यात झटका तारेत असतो, जो शिवेल त्याला बसतो, मग डुक्कर असो नाहीतर शेजारचा बैल. इथे नाव कुंपणाचं, पण झटका राखणदाराला आणि डुकराला मोकळं रान.

दारणाकाठच्या गावांना आणि निफाडच्या ऊसपट्ट्याला बिबट्या नवा नाही. जानेवारी २०१९ मध्ये तो सावरकरनगरसारख्या भर वस्तीत आला आणि माणसं जखमी झाली, हे शहरातल्यांनाही आठवत असेल. तो वस्तीवर येतो कशासाठी? सिन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात वन्यजीव-संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासून त्याच्या आहाराचा अभ्यास केला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबात बिबट्याच्या खाण्यातला ८७ टक्के वाटा माणसाने पाळलेल्या आणि माणसाभोवती राहणाऱ्या जनावरांचा निघाला, आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्यांपेक्षाही जास्त. बिबट्या ज्याच्यासाठी येतो तेच भक्ष्य आपण ठरावीक वर्तुळात, रात्रभर, उघड्यावर ठेवायचं आणि त्याला संरक्षण म्हणायचं! वर कुत्र्याने जीव घेऊन पळायचं ठरवलं तर हद्दीवर पट्टा झटका देणार.

भटक्या कुत्र्यांचंही तेच. ती खुशाल आत येतात. मादी माजावर असेल तर गावभरचे नर ओसरीवर मुक्कामाला. पिलांना पार्व्हो, डिस्टेंपरसारखे रोग यायला कुणाची परवानगी लागत नाही. पिसाळलेलं कुत्रं आत शिरलं तर आपला कुत्रा पळणार कुठे? रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर जनावर काय, माणूसही जवळजवळ वाचत नाही. वर्षाचं इंजेक्शन चुकवू नका, हे यंत्र असो वा नसो. आणि चोर? त्याच्याबद्दल लिहायला शाई खर्च करत नाही.

आता "पाच एकर". परदेशात चालणाऱ्या नेहमीच्या संचाची जास्तीत जास्त त्रिज्या ९० फुटांच्या आसपास असते. क्षेत्र काढा: साधारण २५ हजार चौरस फूट, म्हणजे तेवीस-चोवीस गुंठे. पाच एकराला दोनशे गुंठे लागतात हो! मोठे संच आहेत, एकाला दुसरा जोडूनही हद्द वाढवता येते, पण मग कुंपणाचा वाचलेला खर्च वाचला कुठे?

त्याहून गंमत आकाराची. लहरी गोल पसरतात आणि आपली जमीन चौकोनी असते. कॉलनीतल्यांनी स्वतःचा ४० बाय ६० चा प्लॉट डोळ्यांपुढे आणावा. त्यात मावणारं सगळ्यांत मोठं वर्तुळ २० फूट त्रिज्येचं, म्हणजे जेमतेम १२५६ चौरस फूट. प्लॉट २४०० चा. निम्मी जागा हद्दीबाहेर, आणि आतल्या निम्म्यात आपलं घर उभं! वर्तुळ मोठं केलं तर ते शेजाऱ्याच्या तुळशीपर्यंत जातं. शिवाय मधोमध प्लगही हवा.

मळ्यात अडचण वेगळी. लोखंडाजवळ या लहरी बिथरतात. पत्र्याचं शेड, ट्रॅक्टर, पाण्याची टाकी यांच्या आसपास हद्द आत-बाहेर सरकते. द्राक्षबागेत तर दुसरं आहेच काय? रांगोरांग लोखंडी अँगल आणि वर ताणलेल्या तारांचा मांडव. आमच्याकडे बागेच्या कडेला हद्दीची खूण म्हणून झेंडा रोवला होता तिथे सकाळी पट्टा वाजायचा, आणि संध्याकाळी शेडपुढे ट्रॅक्टर उभा केला की तीन-चार पावलं अलीकडेच. कुत्र्याने हद्द शिकायची ती कोणती? उतारावरची जमीन असेल तर तीच रड. आणि लाईट गेली की सगळाच खेळ संपला. इन्व्हर्टरवर टाकता येतं, यंत्र वीज फार खात नाही, हे खरं. इन्व्हर्टरची गोष्ट मात्र पुढे येतेच आहे.

जमिनीत तार पुरायचाही एक प्रकार आहे. त्यात हद्द हव्या त्या आकाराची होते, लोखंडाचा त्रास कमी. पण आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात ती फुगते. वर रोटाव्हेटर, ठिबकच्या चाऱ्या आणि घुशी. तार एका जागी तुटली की सगळी हद्द बंद. शोधत बसा.

"कुत्रा पाऊल टाकणार नाही." काळूने टाकलं. त्याला आम्ही नीट शिकवलं होतं: हद्दीवर झेंडे लावून, दोन आठवडे रोज पंधरा मिनिटं, साखळी हातात धरून, टूं-टूं झालं की मागे फिरायचं. हे शिकवणं मेसेजमध्ये नाहीच! तीनेक आठवडे छान गेले. मग एका संध्याकाळी बांधावरून मुंगूस पळालं. काळू मागे. हद्दीवर एकदा केकाटला, पण थांबला नाही, आणि बाहेरही झटके चालूच राहिल्यावर मागे वळायच्या ऐवजी सरळ पळत सुटला. वेगात धावणाऱ्या कुत्र्याला दोन-तीन झटक्यांचं अंतर म्हणजे किती? रात्री साडेदहाला तो कालव्याच्या कडेला सापडला, झुडपात दबून. पुरलेल्या तारेच्या प्रकारात आणखी एक खोट: परत येताना तीच रेघ ओलांडावी लागते, म्हणजे घरी येण्याबद्दलही शिक्षा. अमेरिकेत ओहायो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली वेगवेगळ्या पद्धतींनी आवारात ठेवलेल्या कुत्र्यांचा अभ्यास छापला. खऱ्या कुंपणातल्या कुत्र्यांपेक्षा इलेक्ट्रॉनिक कुंपणातल्यांचं निसटण्याचं प्रमाण जास्त होतं. निसटलेला कुत्रा कुणाला चावला तर यंत्र विकणारा येत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये जनावराबाबत हयगय केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे, आणि ते मालकाला आहे.

गुदगुलीबद्दल. झटक्याची ताकद कमी-जास्त करता येते आणि त्याने कुत्रा मरत नाही, हे मान्य. मीही तळहातावर घेऊन पाहिला. शब्द "गुदगुली" नव्हता, इथे छापण्यासारखाही नव्हता. पट्ट्याच्या दोन धातूच्या खुंट्या कातडीला टेकल्या तरच झटका लागतो, म्हणून पट्टा घट्ट बांधतात, आणि जास्त वेळ ठेवला तर त्याखाली जखमा होतात. बनवणारेच सांगतात, दिवसातून १२ तासांच्या वर घालू नका. मग राखणीच्या उरलेल्या बारा तासांचं काय?

पण जखम बरी होते. मला लागलं ते दुसरंच. कालव्याच्या त्या रात्रीनंतर लाईट गेली आणि इन्व्हर्टर टूं करून वाजला की काळू खाटेखाली सरपटत जायचा. मोबाईलची बॅटरी संपल्याचा आवाज आला तरी तेच. झटका कशामुळे बसला ते त्याला आपण ठरवलेलं कळत नाही, त्याला जे समोर दिसतं किंवा ऐकू येतं त्याच्याशी तो जोडतो. समोर माणूस असला तर? प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रिचर्ड पोल्स्की यांनी २००० साली अशा कुंपणातल्या पाच कुत्र्यांनी माणसांवर केलेले हल्ले नोंदवलेत. पाच ही संख्या लहान आहे, त्यावरून सरसकट बोलू नये. तरी ऑक्टोबर छाटणीला पेठ-सुरगाण्याहून मजुरांच्या टोळ्या येतात, त्यांची पोरं बांधावर खेळतात, तेव्हा मला ती पाचही पुरेशी वाटतात.

अमेरिकेत घरोघरी नसतं, पण बरंच असतं, आणि त्याला कारण आहे. तिकडे कितीतरी वसाहतींत घरापुढच्या हिरवळीला कुंपण घालायलाच मनाई असते. त्या अडचणीवर निघालेला तो तोडगा. आपल्याला जाळी मारायला कोण अडवतंय? आणि परदेशाचंच म्हणाल तर वेल्समध्ये २०१० पासून झटक्याच्या पट्ट्यांवर बंदी आहे, कुंपणाच्या पट्ट्यांसकट.

साखळीपेक्षा बरं, असं शेजारचे आबा म्हणाले. यात मात्र तथ्य आहे. दिवसभर चार फुटी साखळीला कुत्रा बांधणारे आपल्यात कमी नाहीत, आणि १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात तो गुन्हाच आहे. पण साखळी सोडायची तर त्याला मोकळं फिरायला जाळीचं आवार द्या. मी शेवटी घराभोवतीच्या पाच गुंठ्यांनाच चेनलिंक जाळी मारली, सहा फुटी, खाली फूटभर पुरून वर सिमेंटचा पट्टा ओतला, कारण काळू उकरण्यात उस्ताद. रात्रीसाठी शेडमध्ये लोखंडी दाराची खोली, वरून छत बंद. बिबट्या सहा फूट सहज चढतो, म्हणून अंधार पडला की काळू खोलीतच. भुंकायचं काम तो आतूनही चोख करतो.

यंत्र मी साडूला परत दिलं. आबांनी तोवर ऑर्डर दिली होती. काल ते बागेत टेप घेऊन वर्तुळाची त्रिज्या मोजत होते, आणि टेपचं दुसरं टोक धरायला मीच होतो.