डॉ. कोण ते ठरवा, पण आईला जिना कोण चढवणार?

सप्टेंबर २०२५ मध्ये फिजिओथेरपिस्टनी नावाआधी डॉ. लावावं की नाही यावरून भारतात जो राडा झाला तो आमच्या फॅमिली ग्रुपवरपण आठवडाभर चालला. केंद्राच्या आरोग्य महासंचालनालयानं 'लावू नका' असं पत्र काढलं, लगेच मागेपण घेतलं. विक्रोळीचा दादा एका बाजूला, ठाण्याची आत्या दुसऱ्या. मी गप्प, कारण न्यूजर्सीत मी जे काम करते त्याला तिकडे धड नावच नाहीये.

मी पीटीए, म्हणजे फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट. लग्न करून इकडे आले, दोन वर्षांची असोसिएट डिग्री केली, मग परीक्षा, मग स्टेटचं लायसन्स. आत्याला सांगितलं तर म्हणते, म्हणजे मालिशवाली का गं?

नाही हो आत्या. पेशंटला तपासून प्लॅन ठरवायचा ते थेरपिस्टचं काम. मी त्या प्लॅनप्रमाणे व्यायाम करून घेते, कमरेला पट्टा बांधून चालायला शिकवते, गुडघा किती अंश वाकतो ते मोजते आणि सगळं लिहून ठेवते (लिहिण्यातच अर्धा जीव जातो). प्लॅन मला बदलता येत नाही. पण पोटरी अचानक सुजली, गरम लागली तर थांबायचं आणि ताबडतोब थेरपिस्टला कळवायचं, रक्ताची गुठळी असू शकते, आणि हे कळण्यासाठीच ती दोन वर्षं असतात.

इकडे सगळं गोड आहे असं नाही. २०२२ पासून मेडिकेअर (इकडचा म्हाताऱ्या माणसांचा सरकारी विमा) ओपीडीत आमच्या हातून झालेल्या ट्रीटमेंटला थेरपिस्टच्या ८५ टक्केच पैसे देते. व्यायाम तोच, पेशंट तोच.

पण आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी विक्रोळीला कन्नमवार नगरात महिनाभर होते, तिसरा मजला, लिफ्ट नाही. फिजिओ ताई आठवड्यातून तीनदा येऊन पाऊण तास द्यायच्या, काम एकदम चोख, मला नाव ठेवायला जागा नाही. पण दिवसाचे बाकीचे तास ब्युरोची मावशी, आणि ती आईला काखेत हात घालून पोत्यासारखी उचलायची. तिचा काय दोष, तिला कोणी दाखवलंच नव्हतं. मी दाखवलं: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, आपण उतरताना पेशंटच्या एक पायरी खाली उभं राहायचं. दोन दिवसांत शिकली की!

मी म्हणते, आमच्यासारखे शिकलेले असिस्टंट भारतातपण हवेत. दादाचं म्हणणं, असे असिस्टंट तयार केले तर उद्या गल्लोगल्ली बोर्ड लावून बसतील. भीती खोटी नाही, आपल्याकडे काहीही होतं. पण अरे, हे काम कोणीतरी आजच करतंय ना, न शिकता, आणि चूक झाली तर जबाबदार कोणीच नाही. त्यापेक्षा अशा मावशांना रीतसर शिकवा, फिजिओच्या हाताखाली ठेवा, काय करायचं नाही ते आधी लिहून द्या. फिजिओसकट अशा पेशांचं शिक्षण आणि नोंदणी बघणारा २०२१ चा अलाइड हेल्थकेअरचा कायदा आहेच, वाद घालायचा तर यावर घाला, डॉ. राहू दे बाजूला.

मी परत आले आणि तिसऱ्या आठवड्यात ब्युरोनं मावशी बदलली. व्हिडिओ कॉलवर बघते तर नवीन बाई, आणि परत काखेतच हात.