आजीच्या मोजणीतली नऊ

आज सकाळी आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गावच्या जिल्हा परिषद शाळेचा फोटो आला. पटावर चार मुले. खाली माझ्या सख्ख्या काकांची टिप्पणी : "आजकालच्या मुलींना एकाच्या वर मूल नको, मग शाळा बंद पडणार नाहीत तर काय?" त्यावर सतरा जणांनी हात जोडले. मी उत्तर दोनदा लिहिले, दोनदा पुसले, आणि शेवटी इथे लिहायला बसले, कारण इथली माणसे तरी मला शेवटपर्यंत वाचतील.

माझ्या आजीला मुले किती झाली असे कोणी विचारले की ती बोटांच्या पेरांवर अंगठा टेकवत मोजायची. तीन बोटे भरली की नऊ. मग म्हणायची, "राहिली पाच." गेलेल्या चौघांपैकी एक गोवराने गेला, एक हगवणीने. उरलेल्या दोघांना नावेच नव्हती, कारण ती दोन्ही बाळे आठव्या दिवशी आखडून गेली आणि बारसे असते बाराव्या दिवशी. नाळ विळ्याने कापली जात असे, धनुर्वाताची लस गावात पोहोचली नव्हती. त्या दोन पेरांवर तिचा अंगठा जरा जास्त थांबायचा.

लोकसंख्या वाढली ती बायका अधिक मुले जन्माला घालू लागल्या म्हणून नव्हे. त्या आधीपासूनच घालत होत्या. १९११ ते १९२१ या दशकात तर पटकी, प्लेग आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाने इतकी माणसे नेली की देशाची लोकसंख्या चक्क घटली. पुढे लस आली, देवी गेली, जन्मलेली मुले जगू लागली, आणि पाच जगावीत म्हणून नऊ बाळंतपणे सोसण्याची गरज संपली. हे बायकांना कळायला एक पिढी लागली, आणि त्या एका पिढीत देश भरला. आजीला नऊ, आईला तीन, मला एक. महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुले, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १.७ निघाला, लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतो. म्हणजे मी काही जगावेगळी नाही.

आणि शाळा? रत्नागिरी जिल्ह्यात २००१ ते २०११ या दहा वर्षांत सुमारे ८२ हजार माणसे कमी झाली, सिंधुदुर्गात १९ हजार. हा काय केवळ आमच्या पोटांचा हिशेब आहे? काका स्वतः अठराव्या वर्षी मुंबईच्या गाडीत बसले ते गणपती-शिमग्यापुरते परतले. त्यांचा मुलगा पुण्यात, मुलगी कॅनडात. रत्नागिरीत २०११ साली हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. गाव कोणी सोडले आणि घर धरून कोण बसले, हे तो आकडाच सांगतो.

मला खरा संताप येतो तो यापुढच्या गोष्टीचा. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तर त्यांच्या वाट्याला अश्लीलतेचे खटले आले. मग सरकारलाच घाई झाली आणि १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांवर नसबंद्या उरकल्या गेल्या. त्या बहुतांश पुरुषांच्या होत्या, म्हणून ओरड झाली. तेव्हापासून हे काम निमूटपणे बायकांकडे सरकले, आणि आज पुरुष नसबंदीवर विसंबणारी जोडपी देशात ०.३ टक्के आहेत. दोनाहून अधिक मुले असलेल्यांना पंचायतीत पद नाही या नियमाने, तिसऱ्या अपत्यापायी आपल्याकडे बायकांची सरपंचपदे गेली, आणि आता आंध्र प्रदेशाने तसाच नियम २०२४ मध्ये रद्द केला, तिथले मुख्यमंत्री म्हणतात की अधिक मुले होऊ द्या. नळ उघडा, नळ बंद करा! आजीलाही कोणी विचारले नव्हते आणि मलाही कोणी विचारत नाही. फरक इतकाच की मला नाही म्हणता येते.

काकांचे एक म्हणणे खरे आहे, तेही मान्य करते. म्हाताऱ्यांना पाहायला माणसे लागणार. आई त्या सात खोल्यांच्या घरात एकटी राहते, संध्याकाळी एकाच खोलीत दिवा लावते, आणि तिचा फोन दोनदा वाजून उचलला गेला नाही की माझे हातपाय गार पडतात. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मात्र मी आणखी दोन मुले जन्माला घातली असती, तरी तीही डोंबिवलीत वाढून पुढे निघून गेली असती, आईच्या ओटीवर बसली नसती.

हे लिहीत असतानाच काकांचा फोन येऊन गेला. ग्रुपचा विषयही काढला नाही. गणपतीची तिकिटे काढलीस का, एवढेच विचारले. या वर्षी आरतीला टाळ वाजवायला कोणी नाही म्हणाले. काका आजीच्या मोजणीतले सातवे, तिसऱ्या बोटाच्या पहिल्या पेरावरचे. त्यांच्या आधीचे पेर त्या बिननावाच्या बाळांपैकी एकाचे होते. ते मी बोलले नाही. तिकिटे काढली आहेत, एवढेच सांगितले.