बर्डीला जायच्या आधी कपाट उघडा

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपला आणि आमच्या गल्लीत बायका भेटल्या की एकच विषय निघू लागला, शाळेची खरेदी. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या शेवटाकडे उघडतात. पुण्याची माझी बहीण जूनच्या मध्यावरच पोरांना शाळेत सोडून मोकळी होते. आपल्याला खरेदीसाठी आठ-दहा दिवस जास्तीचे मिळतात, आणि आपण ते तसेच जाऊ देतो. मग शेवटच्या रविवारी सगळं नागपूर बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात. एका हातात पोराचं मनगट, दुसऱ्या हातात शाळेची यादी, मागे दहा जण उभे. भाव विचारायलाही सुचत नाही. दुकानदार जे काढून ठेवेल ते पिशवीत जातं.

तीन वर्षांपूर्वी मीही तशीच उभी होते. मे महिन्यात नणंदेचं लग्न झालं होतं, घरात पैसा उरला नव्हता. ह्यांच्या कंपनीच्या सोसायटीतून वीस हजार उचलले आणि दोन्ही पोरांची शाळा उभी केली. हप्ते दिवाळीनंतरही चालूच राहिले. दिवाळीत मुलीने एक ड्रेस हातात धरला, किंमतीची चिठ्ठी पाहिली आणि न बोलता परत ठेवला. बारा वर्षांची पोर. ते मला अजून विसरता आलेलं नाही.

त्याच रात्री बिलं काढून बसले. वह्या 2,150. गणवेश 5,600. बूट-मोजे 2,300. दप्तरं 1,450. मुलीचे गाईड 780. रेनकोट, डबे, बाटल्या 1,720. व्हॅनवाल्या भाऊंना आगाऊ 2,400. एकूण 16,400. फी यात धरलेलीच नाही. आणि तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की हा खर्च अचानक आलेला नव्हता. पोरं शाळेत गेल्यापासून दर वर्षी तो त्याच आठवड्यात येत होता. लाइटचं बिल येणार हे आपल्याला माहीत असतं, सिलेंडर संपणार हेही माहीत असतं, मग जून येणार हे का माहीत नसावं?

16,400 भागिले बारा म्हणजे महिन्याला 1,400 च्या आत. पुढच्याच महिन्यात बँकेत बारा महिन्यांचं आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायचं खातं, उघडलं, 1,400 रुपयांचं. पगार झाला की पाच तारखेला आपोआप कापले जातात. पोस्टाचं आरडी 100 रुपयांपासून सुरू होतं, पण ते पाच वर्षांचं असतं, दरवर्षी जूनला लागणाऱ्या पैशाला माझ्या मते बँकेचं एक वर्षाचं सोयीचं. भिशी लावणाऱ्या मैत्रिणी आहेत माझ्या, त्यांना मी एवढंच सांगते की तुमचा नंबर मे महिन्यात मागून घ्या. तेरा-चौदाशे जमत नसतील तर पाचशे टाका. जूनमध्ये सहा हजार हातात असणं आणि काहीच नसणं, यातला फरक मी भोगला आहे.

पण पैसा साठवण्याच्याही आधी कपाट. आता दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नसते तेव्हा, आम्ही पंखा लावून दोन्ही पोरांची दप्तरं चादरीवर उलटी करतो. पहिल्या वर्षी निघालेलं पाहून मी गप्पच झाले. सतरा वह्यांमध्ये मागची पानं कोरी होती. काहींमध्ये जेमतेम दहा पानं लिहिलेली. तीन कंपास पेट्या, एकीत कर्कटक नाही, एकीत कोनमापक नाही, तिसरीत गुण्या तुटलेला. तिघींची मिळून एक पूर्ण पेटी झाली, आणि त्या वर्षीच्या यादीतही कंपास पेटी होतीच. कोरी पानं मुलांनीच सोडवून एकसारखी लावली आणि आम्ही ती बाइंडिंगवाल्या काकांकडे दिली. त्यांनी पुठ्ठा लावून चार जाड वह्या करून दिल्या, चाळीस रुपयाला एक. गणिताच्या कच्च्या कामाला वर्षभर त्याच पुरल्या. मुलाने त्यातल्या एकीवर स्वतःच्या हाताने रॉकेट काढलं आहे, ती वही तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

वह्यांवरचा 12 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून गेला, पेन्सिल, शार्पनर, खोडरबर, रंगखडू यांच्यावरचा करही गेला. चांगलं झालं. पण माझा हिशोब वर आहे, बघा, वह्यांचा वाटा त्यात किती आहे ते. दप्तरावर कर आहेच, आणि खरा खड्डा पाडतो तो गणवेश.

मला राग आहे तोही गणवेशाचाच. एका वर्षी शाळेतून आलेल्या चिठ्ठीवर दुकानाचं नाव छापलेलं होतं. तिथे गेले तर म्हणे, "ताई, पूर्ण सेटच घ्यावा लागेल, सुटं नाही मिळत." मुलाचे दोन पँट चांगले होते, त्याला फक्त शर्ट लागत होते. मोज्यांवरही शाळेचं चिन्ह, त्यामुळे साधे पांढरे मोजे चालणार नाहीत. ठरावीक दुकानातूनच घ्या अशी सक्ती शाळेने करू नये, असे शासनाचेच आदेश आहेत. मी एकटी गेले असते तर कदाचित परत पाठवलं असतं. आम्ही पाच आया मिळून गेलो. कुणी आवाज चढवला नाही. मॅडमना एवढंच विचारलं की रंग आणि कापड तेच असेल तर शिंप्याकडून शिवलेलं चालेल का, आणि मोजे साधे चालतील का. मॅडम थोडा वेळ गप्प राहिल्या, मग हो म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली. पालकहो, विचारा. पण चार जण मिळून विचारा, आणि मेमध्ये विचारा, शाळा उघडल्यावर नाही.

तेव्हापासून कापड गांधीबागेतून आणि शिलाई घराजवळच्या शिंप्याकडे. त्याला एकच सांगायचं, खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेवा. पुढच्या जूनला उसवून लांबी सोडता येते. दुमडलेल्या जागी रंग थोडा गडद दिसतो, दोन-तीन धुण्यात मिसळतो.

पुस्तकांचं मात्र नीट समजून घ्या. अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, नववीला पहिल्यांदा खिशात हात घालावा लागतो. बालभारतीचं पुस्तक महाग नसतं, आणि त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफही फुकट आहे. महाग असतात ते गाईड आणि डायजेस्ट. मला वाटतं, पहिल्या घटक चाचणीपर्यंत तरी ते घेऊ नयेत, कोणत्या विषयाला खरंच लागतं ते तोवर कळतं. जुनी पुस्तकं घेणार असाल तर अभ्यासक्रम बदललेला नाही ना, ते आधी पाहा. राज्य मंडळाचं पहिलीचं पुस्तक 2025 पासून नवीन आहे. सीबीएसईवाल्यांची तिसरी आणि सहावीची एनसीईआरटीची पुस्तकं 2024 मध्ये बदलली, चौथी, पाचवी, सातवी, आठवीची त्याच्या पुढच्या वर्षी. त्याआधीचा संच कुणी प्रेमाने दिला तरी तो वर्गात चालणार नाही.

दप्तराची गोष्ट राहिली. मुलीचं दप्तर तीन वर्षांचं होतं, चेनचा रनर निघालेला. दुरुस्तीवाल्याने साठ रुपयात नवा बसवून दिला. तिला मैत्रिणींसारखं नवं हवं होतं, आणि मी तिला रागावले नाही. तेरा-चौदाव्या वर्षी चारचौघींत वेगळं दिसायला नको वाटतं, ते खोटं नसतं. मी हिशोबाची वही तिच्यापुढे ठेवली आणि सांगितलं, हे एवढे पैसे आहेत, यातून काय घ्यायचं ते तू ठरव. तिने दोन दिवस घेतले. दप्तर जुनंच ठेवलं आणि बुटांना पैसे वाढवले, कारण आधीचे टाचेला लागत होते. तीन महिने लागत होते, तिने सांगितलं नव्हतं. पैशाचं पोरांपुढे बोलू नये असं आमच्या घरी म्हणत. मला ते पटत नाही. पोरांना तसंही कळतं, आपण न बोलल्याने ती नुसती एकटी पडतात.

गेल्या जूनमध्ये 9,160 रुपयांत सगळं झालं, व्हॅनसकट. आरडीतले उरलेले तसेच ठेवले, मुलीच्या दहावीला लागतील.

या रविवारी सकाळी सात ते नऊ, उन्हं चढायच्या आधी, आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये जुनी पुस्तकं, लहान झालेले गणवेश आणि रेनकोट ठेवतो आहोत. ज्याला जे लागेल ते न्यावं, पैसे नाहीत. गणवेश धुऊन, बटणं लावून आणा. ओळखीतल्या कुणालाही येऊ द्या, पत्ता मेसेजमध्ये देते. नववीचं हिंदी आणि भूगोल अजून कुणाकडून आलेलं नाही, आणि तीन मुली वाट पाहत आहेत.