गावी गेल्यावर मेल का उघडला नाही: एका स्टारच्या रिव्ह्यूला दुकानदाराचं उत्तर

नमस्कार साहेब,

रिव्ह्यू वाचला. लगेच उत्तर दिलं नाही, कारण वाचल्या वाचल्या लिहिलं असतं तर भांडण झालं असतं. आधी तुमचं जॉबकार्ड काढलं. काउंटरवरच्या पोराला बसवून फोनवर काय काय बोलणं झालं ते विचारलं. परवा तुम्ही लॅपटॉप आणलात तेव्हा तुमच्यासमोरच सगळं तपासलं. खाली लिहितोय ते तुम्हाला तोंडी सांगून झालंय आणि इथे लिहू का, हेही विचारलंय.

बाकीच्यांसाठी तक्रार थोडक्यात अशी. ऑफिसचा जीमेल लॅपटॉपवरच्या आउटलुक या मेलच्या प्रोग्रॅममध्ये सुरू करून द्यायचे आम्ही ७०० रुपये घेतले. गणपतीला गावी गेल्यावर मेल बंद. पासवर्ड बरोबर, तरी तोच पुन्हा पुन्हा विचारतोय. दुकानात फोन केला तर "रिस्टार्ट करा" हे उत्तर तीनदा मिळालं. "पासवर्ड सांगतो, तुम्हीच बघा" म्हटलं तर पोरगं म्हणालं, "सांगू नका." कोटेशन वेळेत गेलं नाही. आणि शेवटी, "यांच्यापेक्षा नेटवर सापडलेला कस्टमर केअरवाला बरा, तो निदान मदत करायला तयार होता."

या शेवटच्या वाक्याने माझी झोप उडाली. त्याच्याकडे येतो, पण आधी मेलचं.

पहिल्या रात्री जे झालं त्यात दोष आमचाही नाही आणि तुमचाही नाही. फोंडा घाट उतरून तुम्ही कणकवलीत लॉजवर थांबलात, वायफाय जोडलं, आउटलुक उघडलं आणि सिक्युरिटी सर्टिफिकेटबद्दल काहीतरी विचारणारी इंग्रजी खिडकी आली. लॉज, हॉस्पिटल, विमानतळ इथल्या वायफायचं असं असतं की 'कनेक्टेड' दिसलं तरी नेट सुरू झालेलं नसतं. ब्राउझरमध्ये त्यांचं एक पान येतं, तिथे मोबाइल नंबर नाहीतर खोली नंबर टाकावा लागतो. आउटलुकला ते पान दिसत नाही. तो सरळ गूगलच्या सर्व्हरला हाक मारतो, मधेच लॉजचा राउटर ओ देतो, त्याच्याकडे गूगलचं ओळखपत्र नसतं, म्हणून ती खिडकी. तिथे 'येस' कधीच दाबायचं नाही, कारण ओ देणारा कोण आहे हे माहीत नसताना आपण त्याच्या हातात पासवर्ड देतो. तुम्ही दाबलंत. बहुतेक लोक दाबतात. आउटलुक बंद करायचा, ब्राउझरमध्ये कुठलीही साधी साइट उघडायची, लॉजचं पान भरायचं, मग परत आउटलुक. लॅपटॉपची तारीख चुकलेली असली तरी अशीच खिडकी येते, पण तुमची तारीख ठीक होती.

दुसऱ्या दिवशी गावी तुम्ही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर होतात. तिथे ही भानगड नव्हती, खरं दुखणं तिथे बाहेर आलं.

झालं असं की निघायच्या आदल्या रात्री तुमच्या मुलाने ऑफिसच्या मोबाइलवरून जीमेलचा पासवर्ड बदलला. फसवणुकीच्या बातम्या वाचून, चांगल्या मनाने. सकाळी लवकर निघालात, लॅपटॉप उघडलाच नाही. म्हणजे मेल बंद घरीच पडला होता, कळलं गावी.

तुमचा आउटलुक २०१३ चा. जुना मेल त्यात आहे, सवय आहे, म्हणून तोच हवा होता. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट एप्रिल २०२३ मध्ये थांबवला आणि गूगलची नवी लॉगिनची खिडकी त्याला उघडता येत नाही. दुसरीकडे गूगलने ३० मे २०२२ पासून साध्या खात्यांसाठी असा नियम केला की मेलच्या प्रोग्रॅममध्ये नुसतं नाव आणि नेहमीचा पासवर्ड टाकून आत येता येणार नाही. या दोघांच्या मधली पळवाट म्हणजे 'ॲप पासवर्ड'. गूगल १६ अक्षरं तयार करून देतं, ती आउटलुकमध्ये एकदा टाकायची आणि विसरून जायचं. जॉबकार्डवर लिहिलंय, आम्ही तेच केलं होतं.

पण खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की गूगल आधीचे सगळे ॲप पासवर्ड रद्द करतं. आउटलुक हे सांगत नाही, नुसता पासवर्ड विचारतो. तुम्ही नवा पासवर्ड टाकत राहिलात. तो शंभर टक्के बरोबर होता आणि शंभर वेळा टाकला असता तरी चालला नसता, कारण त्या चौकटीला तो नकोच होता.

मग तुम्ही डोकं लावून ब्राउझरमधून जीमेल उघडायला गेलात. तिथे नवा पासवर्ड चालला, पण गूगलने ओटीपी मागितला. ओटीपी गेला ऑफिसच्या मोबाइलवर. आणि तो मोबाइल तुमच्या शिरोलीच्या गाळ्यात, ड्रॉवरमध्ये, शटरच्या आत.

इथे चूक आमची आहे, स्पष्ट लिहितो. ॲप पासवर्ड हवा तर टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर ओटीपीची दुसरी पायरी, सुरू करावंच लागतं. ते आम्ही सुरू केलं आणि नंबर एकच दिला, तोही कायम गाळ्यात राहणाऱ्या मोबाइलचा. तुमचा स्वतःचा नंबर विचारला नाही. गूगल ८ आकडी १० बॅकअप कोड देतं, प्रत्येक कोड एकदा चालतो, नेमका अशाच वेळेसाठी. ते काढून दिले नाहीत. पासवर्ड बदललात तर आउटलुक बंद पडेल, हे एक वाक्य पावतीवर लिहायला हवं होतं, तेही नाही. कुलूप आम्ही लावलं आणि किल्ली तुमच्याच गाळ्यात कोंडली. ७०० रुपये परत केलेत.

"रिस्टार्ट करा" हीदेखील चूकच. पहिल्यांदा सांगितलं तर समजू शकतो, तिसऱ्यांदा सांगणं म्हणजे पोराला काही सुचत नव्हतं. सुचत नसेल तर फोन मला द्यायचा, हे त्याला आता कळलंय. फोनवर दोन प्रश्न विचारले असते तरी दहा मिनिटांत छडा लागला असता: अलीकडे पासवर्ड बदललाय का, आणि मेल आत येत नाही की नुसता बाहेर जात नाही? (येतोय पण जात नाही, हे दुखणं वेगळं. तिथे बऱ्याचदा पाठवायच्या सर्व्हरला पोर्ट, म्हणजे त्याच्या दाराचा नंबर, २५ घातलेला असतो आणि बाहेरचं नेट तो अडवतं. ४६५ किंवा ५८७ घातला की सुटतं.)

पण पासवर्ड आणि ओटीपी फोनवर घ्यायला पोराने नकार दिला, त्याबद्दल मी त्याला एक शब्द बोलणार नाही. तुम्ही ओळखीचे आहात, पहिली पावती २०१६ ची आहे. तरी फोनवर तुमच्या नावाने बोलणारा माणूस तुम्हीच, हे २२ वर्षांच्या पोराने कशावरून धरायचं? आज त्याने तुमचा घेतला तर उद्या दुसऱ्या कुणाचा घेईल, आणि दुकानातल्या वहीत लोकांचे पासवर्ड साठत जातील. ती वही मला नकोय. यावर एक स्टार राहिला तर राहू दे.

आता तो कस्टमर केअरवाला. साहेब, जीमेलच्या फुकट खात्याचा पासवर्ड सोडवून देणारा गूगलचा कुठलाही फोन नंबर नाही. नेटवर 'जीमेल हेल्पलाइन' म्हणून जे नंबर सापडतात ते फसवणाऱ्यांचे असतात असंच धरून चाला. तुमच्या माणसाने आधी स्क्रीन दिसणारं ॲप टाकायला सांगितलं, मग व्हेरिफिकेशनचे १० रुपये भरायला. तो मदतीला तयार होता, कारण त्याला तुमचा मेल नको होता, बँक हवी होती. तेवढ्यात गावची रेंज गेली आणि फोन कटला. एरवी आपण कोकणातल्या रेंजला शिव्या घालतो, त्या दिवशी तिनेच तुम्हाला वाचवलं. ॲप परवा काढून टाकलंय. बँकेचा पासवर्ड बदला म्हणालो होतो, अजून बदलला नसेल तर हे वाचून झाल्यावर बदला. कुणाचे पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, १९३० वर, लगेच फोन करायचा, आमच्याकडे यायच्या आधी.

कोटेशनच्या ऑर्डरचं मला वाईट वाटतं, पण तिची भरपाई देणं माझ्या दुकानाला झेपणारं नाही. तुम्ही मागितलीही नाहीत.

सोमवारी गाळा उघडल्यावर ऑफिसचा मोबाइल हाती आला आणि परवा नवा ॲप पासवर्ड टाकून आउटलुक सुरू केला. ही मलमपट्टी आहे. सोबत थंडरबर्ड हा मेलचा दुसरा प्रोग्रॅम टाकून ठेवलाय, त्याला गूगलची नवी खिडकी उघडता येते. पासवर्ड बदलला तर तोही पुन्हा लॉगिन मागेल, पण नेहमीचा पासवर्ड त्याला चालतो आणि अडलं कुठे ते दिसतं. जुना आउटलुक तसाच आहे, त्यातला एकही मेल हलवलेला नाही.

हे वाचणाऱ्या आणि दिवाळीत लॅपटॉप घेऊन बाहेर पडणाऱ्यांना एकच काम सांगतो. निघायच्या दोन दिवस आधी घरचं वायफाय बंद करा, ओटीपी येणारा फोन दुसऱ्या खोलीत बंद करून ठेवा, दुसऱ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मेल उघडा आणि ब्राउझरच्या खाजगी खिडकीतून एकदा नव्याने लॉगिन करून बघा. अडलात तर घरात अडाल. परदेशी मुलांकडे जाणाऱ्या काका-काकूंनी तर हे नक्की करा. इथलं सिम काढून तिथलं घातलं की ओटीपी येत नाही. फोनमधलं ऑथेंटिकेटर ॲप मात्र नेट किंवा सिम नसतानाही दर ३० सेकंदांनी नवा आकडा दाखवतं, तो ओटीपीच्या जागी चालतो.

साहेब, शनिवारी संध्याकाळी सातनंतर या. ऑफिसचा मोबाइल आणि मुलाला बरोबर घेऊन या. तुमच्या स्वतःच्या फोनवर ऑथेंटिकेटर लावू आणि दुसरा नंबर जोडू. बॅकअप कोड तुम्ही तुमच्या हाताने डायरीत लिहून घ्या. तेवढा वेळ मी आणि पोरगं बाहेर चहा सांगायला जातो.