जादा तास एसटीची वेळ पाहून ठेवा

कॉलेजात मागे पडणाऱ्या मुलांवरचा तुमचा लेख वाचला. जादा तास, समुपदेशन अशा सोयी असूनही खेड्यातली मुलं तिकडे फिरकत नाहीत, हे त्यातलं निरीक्षण खरं आहे. पण त्याचं कारण लेखात 'उदासीनता' असं दिलंय, ते पटलं नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कितीतरी पोरं एसटीच्या पासवर कॉलेजात येतात. पासात 66.67 टक्के सवलत आहे, पण जादा तास चारनंतर आणि गावची गाडी त्याआधीच सुटलेली. मुलींना तर अंधार पडायच्या आत घरी पोचावंच लागते. त्यात दिवाळीच्या सुमारास कापूस वेचायला मजूर मिळत नाही, अख्खं घर वावरात असते, आणि नेमकी तेव्हाच पहिल्या सत्राची परीक्षा तोंडावर येते. त्या दिवसांत बुडालेलं गणित या पोरांनी कोणाजवळ शिकावं?

हे तास दुपारच्या मोकळ्या वेळात घ्या, वेचणी सरल्यावर पुन्हा घ्या. आणि महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावरचा अर्ज भरून द्यायला, त्यातली त्रुटी दुरुस्त करायला ग्रंथालयात एक माणूस बसवा. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, हेच कित्येक पालकांना ठाऊक नाही. शिष्यवृत्ती अडकली की पोरगा आधी कॉलेज सोडतो, नापास नंतर होतो.